ओळख आणि विचारपूस

‘प्रवासाचे फायदे’ या विषयावरचा निबंध मी गेली पंचवीस-तीस वर्षे मुलांकडून लिहून घेत आलो आहे. घरी मराठी बोलणारी मुले असोत, की घरी गुजराती किंवा वारली बोलून शाळेत मराठी शिकणारी असोत, निबंधाचा साचा ठरलेला असतो. प्रवासाने ज्ञान वाढते, दृष्टी विशाल होते, निरनिराळ्या लोकांच्या चालीरीती कळतात, असे सगळेच लिहितात. यात खोटे काही नाही. परंतु या निबंधाच्या मुळाशी एक प्रश्न आहे आणि तो कोणतेही पाठ्यपुस्तक विचारत नाही. एखादे गाव आपण ‘पाहिले’ असे केव्हा म्हणावे? पाय तेथे पोचले, डोळ्यांनी चार भिंती पाहिल्या, छायाचित्र निघाले, एवढ्याने गाव पाहिल्यासारखे होते का? आणि होत नसेल, तर पाहणारा त्या गावाचे काही देणे लागतो का?

पूर्वी माणूस परगावी जाई तो नात्यासाठी, व्यापारासाठी, कोर्टकचेरीसाठी किंवा देवासाठी. आता त्यांत एका नव्या कारणाची भर पडली आहे. सिनेमात पाहिलेली जागा प्रत्यक्ष पाहण्यासाठी माणसे शेकडो, हजारो किलोमीटर जातात. त्यांच्यासाठी सहली निघतात, मोटारी ठरतात, वाटाडे तयार होतात. मोठ्या प्रवासी जहाजांचे वेळापत्रकसुद्धा त्यानुसार आखले जाते. जहाज सकाळी बंदराला लागते, प्रवासी बसमधून डोंगरावरच्या गावात जातात, सिनेमात दिसलेली पायरी, कमान, भिंत पाहतात आणि भोंगा होण्यापूर्वी परत येतात. या प्रकाराची थट्टा करणे सोपे आहे. मला थट्टा करायची नाही. या पाहण्याचे स्वरूप काय, एवढेच तपासायचे आहे.

काही वर्षांपूर्वी आमच्या मेहुण्यांच्या आग्रहाने आम्ही उभयतां मुंबईहून गोव्याला अशाच एका जहाजाने गेलो. पूर्वीच्या कोकणबोटीच्या गोष्टी मी आईच्या तोंडून ऐकलेल्या. रत्नागिरी, विजयदुर्ग, देवगड, मालवण करीत ती बोट जाई, माणसे पडावातून उतरत आणि प्रत्येक बंदरात कुणी ना कुणी कुणाला न्यायला आलेले असे. आमचे जहाज मध्ये कोठेच थांबले नाही. ते थेट मुरगाव बंदराला लागले आणि तेथून बसने आम्हांला पन्नासेक किलोमीटरवरच्या शापोऱ्याच्या किल्ल्यावर नेण्यात आले. बसमध्ये कोणी त्याला शापोऱ्याचा किल्ला म्हटले नाही. त्याचे नाव ‘दिल चाहता है’चा किल्ला. २००१ साली आलेल्या त्या चित्रपटातले तीन मित्र ज्या तटावर बसून समुद्राकडे पाहतात, तो हा तट. वर पोचताच लोकांनी तिघांतिघांचे गट केले, पाठमोरे बसले आणि छायाचित्रे काढून घेतली. आमच्या मेहुण्यांनीही काढून घेतले; तिसरा गडी म्हणून मला बसावे लागले. चाळीस मिनिटांनी शिटी वाजली.

त्या चाळीस मिनिटांत ज्याच्याकडे पाठ करून आम्ही बसलो होतो, ते काय होते? शापोरा हे नावच मुळात ‘शाहपुरा’चे रूप आहे, आदिलशाहीची ती खूण. बारदेश पोर्तुगीजांकडे गेल्यावर १६१७ मध्ये त्यांनी येथे किल्ला बांधला, कारण खालची नदी ही त्यांच्या राज्याची उत्तर सीमा होती. पलीकडचे पेडणे दुसऱ्याचे. संभाजी महाराजांच्या १६८३-८४ च्या स्वारीत हा किल्ला मराठ्यांनी घेतला. १७३९ मध्ये तो पुन्हा मराठ्यांकडे आला आणि १७४१ मध्ये तहाने परत गेला. पुढे १७८८ मध्ये पेडणेही पोर्तुगीजांना मिळाले, सीमा उत्तरेला सरकली आणि सीमेसाठी बांधलेल्या किल्ल्याला करण्यासारखे काम उरले नाही. आमच्या नगर हवेलीचा मुलूख १७८३ मध्ये आणि दादरा १७८५ मध्ये पोर्तुगीजांकडे गेले. म्हणजे शापोऱ्याचा किल्ला ज्या काळात निरुपयोगी होत होता, त्याच काळात आमच्या गावांभोवती नवी सीमा उभी राहत होती. सीमेवर राहणाऱ्या माणसाला त्या तटावर उभे राहून एवढे तरी आठवावे.

आमच्याबरोबरचा वाटाड्या पंचविशीतला मुलगा होता. हिंदीत तो चित्रपटातले संवाद म्हणून दाखवीत होता. उतरताना मी त्याला मराठीत विचारले, “पलीकडच्या तीरावर कोणते गाव?” त्याने कोकणीत उत्तर दिले आणि त्याचा सूरच बदलला. पलीकडे मोरजी, त्याच्या आजीचे माहेर तिकडचे. पूर्वी होडीने तर ओलांडून माणसे बाजाराला येत. आजीला होडीत बसायची भीती वाटे, म्हणून ती लग्नानंतर फारशी माहेरी गेली नाही. हे सांगायला त्याला तीन मिनिटे लागली. बसमध्ये बसल्यावर तो पुन्हा हिंदीत संवाद म्हणू लागला, कारण त्याचे पैसे त्याला त्याचेच मिळत होते.

येथे आपल्या न्यायशास्त्रातील एक संज्ञा उपयोगी पडते. ती संज्ञा म्हणजे ‘प्रत्यभिज्ञा’, सोप्या भाषेत ओळख पटणे. तर्कशास्त्राच्या विद्यार्थ्याला याचे उदाहरण पहिल्या वर्षीच शिकवतात: ‘तोच हा देवदत्त.’ पूर्वी कधीतरी कोठेतरी देवदत्त पाहिलेला असतो, त्याचा संस्कार मनावर राहिलेला असतो. आज तो समोर येतो आणि जुना संस्कार व आजचे दर्शन ही दोन्ही एकत्र येऊन मन म्हणते, ‘तोच हा.’ नुसते पाहणे वेगळे, नुसती आठवण वेगळी. ओळखीत दोन्ही असतात. म्हणून ओळख पटण्यात एक विशेष आनंद आहे. गर्दीच्या रेल्वेफलाटावर आपल्या गावचा माणूस दिसला म्हणजे जे होते, ते हेच.

सिनेमातली जागा पाहायला जाणाऱ्याला नेमका हाच आनंद हवा असतो. ‘तीच ही भिंत.’ या आनंदाला कमी लेखण्याचे कारण नाही. प्रश्न पुढचा आहे. मागचा जो संस्कार घेऊन आपण गेलो, तो कोणाचा? देवदत्ताचा, की देवदत्ताने एकदा नाटकात घेतलेल्या सोंगाचा?

या बाबतीत जगातले सर्वांत प्रसिद्ध उदाहरण इटलीतील सिसिली बेटाचे आहे. १९७२ साली आलेल्या ‘द गॉडफादर’ या चित्रपटात कोर्लिओने या गावाचे प्रसंग आहेत. कोर्लिओने हे खरे गाव. ते पालेर्मोच्या दक्षिणेला, बेटाच्या पश्चिम भागात आहे. परंतु चित्रीकरणाच्या वेळी ते गाव जुन्या काळातले वाटावे असे राहिले नव्हते. म्हणून दिग्दर्शक फ्रान्सिस फोर्ड कोपोला यांनी बेटाच्या दुसऱ्या टोकाला, मेसिनाच्या बाजूची, डोंगरावरची दोन छोटी गावे निवडली: सावोका आणि फोर्झा द’आग्रो. नायक ज्या उपाहारगृहात बसून मुलीला मागणी घालतो, ते सावोकातले ‘बार व्हितेल्ली’. त्याचे लग्न लागते ते चर्चही सावोकाचेच. आता मेसिनाच्या बंदराला मोठमोठी जहाजे लागतात आणि त्यांतले प्रवासी बसने डोंगर चढून या गावांत येतात, त्या उपाहारगृहासमोर बसतात, लिंबाच्या रसाचा बर्फ खातात आणि म्हणतात, ‘तेच हे कोर्लिओने.’

परंतु ते कोर्लिओने नव्हेच. येथे ‘तोच हा देवदत्त’ हे वाक्य उच्चारताना ज्याच्याकडे बोट दाखवले जाते, तो यज्ञदत्त आहे. तो बिचारा हसून मान डोलावतो, कारण त्याला त्याचे चार पैसे मिळतात. मग खऱ्या देवदत्ताचे काय? त्याच्या नशिबी नुसते नाव आले. कोर्लिओने म्हटले की जगाला गुन्हेगारांची टोळी आठवते. हे निव्वळ सिनेमाचे काम नव्हे. त्या गावात माफियाचे खरेच राज्य होते आणि त्यांतले मोठमोठे म्होरके त्याच गावचे होते. पण त्याच गावात बर्नार्दिनो व्हेरो नावाचा शेतकऱ्यांचा पुढारी होऊन गेला. तो गावाचा महापौर झाला आणि १९१५ मध्ये त्याचा खून झाला. त्याच गावात प्लाचिदो रिझोत्तो हा कामगार संघटनेचा चिटणीस होता. जमीनदारांच्या पडीक जमिनी भूमिहीनांना मिळाव्यात म्हणून तो झगडला. मार्च १९४८ मध्ये माफियाने त्याला पळवून नेऊन ठार केले आणि डोंगरातल्या एका खोल कपारीत टाकले. त्याच्या अस्थींची ओळख पटायला २०१२ साल उजाडले आणि त्या वर्षी इटलीने त्याला शासकीय इतमामाने निरोप दिला. चौसष्ट वर्षे! ‘अस्थींची ओळख पटली’ असे आपण म्हणतो तेव्हा तोच ‘ओळख’ शब्द किती जड होतो पाहा. जगातल्या कोट्यवधी प्रेक्षकांना कोर्लिओनेच्या खोट्या म्होरक्याचा आवाजसुद्धा नक्कल करण्याइतका पाठ आहे. रिझोत्तोचे नाव त्यांतल्या कितीजणांना ठाऊक असेल?

आता आपल्या घरचे उदाहरण घेऊ. वाईपासून जवळच कृष्णेच्या काठी मेणवली आहे. नाना फडणविसांचा वाडा, त्यामागे नदीत उतरणारा देखणा घाट आणि घाटावर देवळे. तेथल्या एका घंटेवर मेरी आणि बाळ येशू यांची आकृती आहे. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली, त्या मोहिमेनंतर पोर्तुगीजांच्या ज्या घंटा महाराष्ट्रातल्या देवळांत आल्या, त्यांपैकी ती एक. चर्चची घंटा शिवमंदिराच्या आवारात टांगलेली आहे आणि नदीवर तिचा नाद तितक्याच गोडीने जातो. एवढ्या एका घंटेवर इतिहासाचे दोन तास घेता येतील. परंतु मेणवलीला जाणाऱ्या पुष्कळ पाहुण्यांना तो घाट ठाऊक असतो तो २००४ च्या ‘स्वदेस’मधल्या चरणपूर गावाचा घाट म्हणून. चरणपूर उत्तर प्रदेशातले, आणि तेही कल्पित. २००३ च्या ‘गंगाजल’मध्ये बिहारची कथा आहे आणि चित्रीकरण वाई परिसरातले. म्हणजे आपली कृष्णा कधी या प्रांताची, कधी त्या प्रांताची नदी होऊन वाहिली. नदीचे यात काही बिघडले नाही. दिग्दर्शकांचेही काही चुकले नाही. नाटकात मुलगा राजा होतो म्हणून त्याच्या बापाचे नाव बदलत नाही. बिघडते ते प्रेक्षक रंगमंचामागे येऊन त्या मुलालाच ‘महाराज’ म्हणू लागतात आणि तुझे खरे नाव काय, हे विचारीतच नाहीत, तेव्हा.

येथे एक सबळ आक्षेप घेतला जाईल आणि तो मी स्वतःच मांडतो. आपण तीर्थयात्रेला जातो तेव्हा वेगळे काय करतो? नाशिकच्या पंचवटीत माणूस जातो, सीतागुंफेत वाकून शिरतो आणि म्हणतो, ‘हीच ती जागा.’ तोही एका कथेचा संस्कार मनात घेऊन आलेला असतो. त्यालाही नाशिकचा कारखाना, द्राक्षे, तिथल्या माणसांचे प्रश्न यांच्याशी कर्तव्य नसते. मग रामकथेसाठी गेलेला भाविक आणि सिनेमाकथेसाठी गेलेला प्रवासी यांत फरक कोणता? ‘श्रद्धा’ एवढे उत्तर पुरेसे नाही, कारण काहींची नटावरची श्रद्धाही कमी नसते.

मला दोन फरक दिसतात. पहिला असा की, तीर्थाची कथा जाणाऱ्याकडे काहीतरी मागते. उपास, अनवाणी चालणे, निदान आचरणाचा एखादा संकल्प. पंढरीची वारी करणारा गळ्यात माळ घालतो ती परत आल्यावर काढून ठेवण्यासाठी नव्हे. सिनेमाची कथा तिकिटाच्या पैशांपलीकडे काही मागत नाही. दुसरा फरक मला अधिक महत्त्वाचा वाटतो. तीर्थाची कथा तेथे राहणाऱ्याचीही असते. पंचवटीतला फुलवाला, नावाडी, पुजारी, भिकारी हे सगळे त्याच कथेत राहतात. पाहुणा आणि यजमान दोघांचा राम एकच. सावोकाच्या म्हातारीला मात्र स्वतःच्या अंगणात परक्याच्या कथेत उभे राहावे लागते. अर्थात, तीर्थक्षेत्री जाऊन देवळापलीकडे काहीच न पाहणारा भाविकही असतो. त्यालाही पुढचे सगळे लागू आहे.

दुसरा आक्षेप पोटाचा आहे. पाहुणे येतात म्हणून चार घरांत चूल पेटते. मग त्यांनी कोणत्या नावाने पाहिले, याची चर्चा भरल्या पोटाच्या मुख्याध्यापकाने कशाला करावी? हा आक्षेप मी हसण्यावारी नेऊ शकत नाही, कारण तो माझ्याच शाळेतल्या मुलाच्या घरून आला.

आमच्या सिल्वाशाची गोष्ट सांगायला हवी. दादऱ्याच्या वनगंगा उद्यानात, तळ्यातल्या त्या बेटावर आणि लाकडी पुलांवर हिंदी चित्रपटांची गाणी चित्रित झाली. पडद्यावर ती कोठली तरी बाग असे. दादरा हे नाव कोणाच्या कानी पडत नसे. खानवेलच्या पलीकडे दुधनीला मधुबन धरणाचे पाणी पसरले आहे. तेथे पाहुणे होड्यांतून फिरतात आणि कोणी त्याला आमचे काश्मीर म्हणतो. त्या पाण्याखाली ज्यांची शेते आणि घरे गेली, त्यांच्या दृष्टीने ते कशाचेही काश्मीर नाही. शेजारच्या गुजरातेत दारूबंदी असल्यामुळे शनिवार-रविवारी जे पाहुणे येतात, त्यांतल्या पुष्कळांच्या मनात सिल्वासा म्हणजे काय, हे मी येथे लिहिण्याची गरज नाही. प्रत्येकाने आमच्या गावाला आपापली भूमिका देऊन ठेवली आहे.

ही गोष्ट आजची नाही. पोर्तुगीज अमदानीत १८८५ मध्ये सिल्वाशाला राजधानीचे गाव ठरवून त्याला ‘पासो द आर्कोस’ असे नाव देण्यात आले. ते नाव लिस्बनजवळच्या एका गावाचे. म्हणजे सिनेमाच्या कितीतरी आधी आमच्या गावाला दुसऱ्या गावाचे सोंग घ्यायला लावले होते. कागदोपत्री ते नाव चालले. पण बाजाराला येणारा वारली, कोकणा, धोडिया त्या नावाने आला नाही. तो सेलवासलाच येत राहिला आणि शेवटी नाव टिकले ते त्याच्या तोंडचे.

तर त्या मुलाविषयी. खानवेलच्या बाजूचा वारली मुलगा, नववीत होता. शनिवारी शाळा सुटल्यावर तो एका विश्रामस्थळी तारपा नाचाच्या मेळ्यात जाई. एकदा त्याने मला वर्गाबाहेर विचारले, “सर, पाहुणे विचारतात, हा नाच कोणत्या पिक्चरमधला? काय सांगू?” मला क्षणभर उत्तर सुचले नाही. पुढे त्याचे वडील शाळेत आले तेव्हा मी तो विषय काढला. तारपा पीक हाती आल्यावरच्या दिवसांत वाजायचा. तो भर उन्हाळ्यात, जेवणाऱ्या माणसांसमोर वाजवावा लागतो, याचे तुम्हांला वाईट वाटत नाही का, असे मी विचारले. ते शांतपणे म्हणाले, “गुरुजी, तिथं नाचतो ते पैशाचं. आमचं आम्ही पाड्यावर रात्री नाचतो. ते निराळं. पोराला फीचे पैसे त्यातूनच येतात.”

या उत्तरावर मी बरेच दिवस विचार केला. त्या गृहस्थांना अस्सल आणि उसने यांतला फरक माझ्याहून स्पष्ट ठाऊक होता. पुढचे अंगण पाहुण्याला आणि माजघर आपले, ही रीत त्यांनी सांभाळली होती. सावोकातली माणसेही तसेच करीत असतील. बस गेल्यावर खुर्च्या उचलून आपापल्या भाषेत आपापल्या गोष्टी बोलत असतील. म्हणून पोटासाठी सोंग घेणाऱ्याला दोष देण्याचा अधिकार कोणालाच नाही. परंतु बापाला जो फरक ठाऊक आहे, तो मुलाला ठाऊक आहे का? त्याचा प्रश्न आठवा. तो म्हणाला नाही की, पाहुणे वेड्यासारखे विचारतात. तो म्हणाला, “काय सांगू?” म्हणजे पाहुण्याच्या प्रश्नाला उत्तर असू शकेल, असे त्याला वाटू लागले होते. पुढच्या पिढीला माजघर विसरायला लागले की मग फक्त अंगण उरते. खरे मोल असे उशिरा आणि दुसऱ्याच पिढीकडून वसूल होते. हे आपल्यासारख्या मराठी कुटुंबांनीही ओळखावे. दुभाषी मुलखात आपण दुकानात गुजराती, कचेरीत हिंदी-इंग्रजी बोलतो यात कमीपणा नाही. ते अंगण आहे. घरी मुलांशी काय बोलतो, हे माजघर.

त्या मुलाला मी काय उत्तर दिले? मी म्हटले, “सांग, हा पिक्चरमधला नाही, आमच्या पाड्यातला. आणि मग विचार, तुमच्या गावी पीक आल्यावर काय करतात?” त्याने तसे विचारले की नाही, मला कळले नाही.

पण त्या उत्तराशी मला माझा मुद्दा सापडला. मराठीत दोन फार चांगले शब्द आहेत: ओळख आणि विचारपूस. रस्त्यात देवदत्त भेटला, ‘तोच हा’ अशी ओळख पटली आणि आपण ‘बरे झाले, पटली’ म्हणून पुढे चालू लागलो, तर त्याला आपण माणुसघाणेपणा म्हणतो. ओळख पटल्यावर थांबावे लागते. कसे आहात, घरची मंडळी कशी आहेत, पाऊसपाणी काय म्हणते, हे विचारावे लागते. ओळखीत आपण आपली जुनी माहिती त्याच्यावर लावून पाहतो; विचारपुशीत त्याच्याकडची नवी माहिती आपल्याकडे येते. ओळख आपल्या समाधानासाठी असते, विचारपूस त्याच्यासाठी. माणसाच्या बाबतीत हा शिष्टाचार आपण लहानपणी शिकतो. तो गावाच्या बाबतीतही पाळावा, एवढेच माझे म्हणणे आहे. सिनेमा पाहून जाण्यात गैर काही नाही, उलट ओळखीचे निमित्त झाले हे चांगलेच. पण तटावर छायाचित्र काढून झाल्यावर पलीकडचे गाव कोणते, हे विचारायला तीन मिनिटे लागतात. चाळीस मिनिटांतली तीन मिनिटे देता येत नाहीत असे म्हणणारा मनुष्य मला अजून भेटायचा आहे.

यजमानाकडेही एक काम आहे. कोणी विचारलेच तर सांगण्याजोगे आपल्याजवळ काही हवे. २२ जुलै १९५४ ला दादरा, २८ जुलैला नरोली आणि २ ऑगस्टला सिल्वासा मुक्त झाले, हे आमच्या किती घरांतल्या मुलांना सांगता येते? त्या लढ्यात संगीतकार सुधीर फडके स्वतः उतरले होते. बाबासाहेब पुरंदरे होते. लढ्याच्या निधीसाठी लता मंगेशकर यांनी पुण्यात कार्यक्रम केला होता. स्थानिक वारली शेतकऱ्यांचा त्यातला वाटा तर नेहमीच कमी लिहिला गेला. सिनेमासृष्टीची माणसे आमच्या मुलखात चित्रीकरणाच्या किती तरी आधी एकदा आली होती आणि तेव्हा ती स्थळ पाहायला आली नव्हती. सात वर्षे, १९६१ च्या ऑगस्टमध्ये भारतात विलीन होईपर्यंत, येथल्या लोकांनी आपला कारभार आपण चालवला. वनगंगेच्या तळ्यावर ज्या गाण्यांचे चित्रीकरण झाले, ती गाणी मुलांना येतात. त्यांनी ती जरूर म्हणावीत. पण पुलापलीकडचे गाव कधी आणि कोणी सोडवले, हेही त्याच दमात सांगता आले पाहिजे.

आमच्या शाळेच्या सहलीला अलीकडे मी एक नियम केला आहे. सहलीनंतरच्या निबंधात ‘काय पाहिले’ याला पाच गुण आणि ‘कोणाला काय विचारले आणि त्याने काय सांगितले’ याला पाच गुण. पहिल्या वर्षी मुलांनी कुरकूर केली. एका मुलीने मात्र चहाच्या टपरीवाल्या बाईंना त्यांच्या गावाचे नाव कशावरून पडले ते विचारले होते. बाईंना ते ठाऊक नव्हते. त्यांनी आत जाऊन सासूबाईंना विचारले, सासूबाईंनी शेजारच्या म्हाताऱ्यांना हाक मारली आणि चहा होईपर्यंत तिघांत वाद लागला. मुलीने तिन्ही मते लिहून आणली. तिला मी पाचपैकी पाच दिले.

या दिवाळीच्या सुट्टीत वाचकांपैकी अनेकजण कोठे ना कोठे जातील. कोणी वाई-पाचगणीला, कोणी गोव्याला, एखाददुसरे परदेशीही. आणि कितीतरी पाहुणे आमच्याकडे, दादरा-सिल्वाशाला येतील. त्यांनी बाग पाहावी, होडीत बसावे, ओळखीचे एखादे गाणे गुणगुणावे. मग जवळच्या टपरीवर दोन घटका बसून आमची विचारपूस करावी.